उजवे-डावे वेगळे करून देणारी सेवा : हेलिसीनच्या तीन खेपांनंतर

प्रयोगशाळेत तयार केलेल्या कायरल रेणूचे, म्हणजे ज्याची दोन रूपे उजव्या-डाव्या हातांसारखी एकमेकांची आरशातली प्रतिमा असतात अशा रेणूचे, उजवे आणि डावे रूप वेगळे करून देणाऱ्या एका व्यावसायिक सेवेचे हे परीक्षण आहे. गेल्या दीड वर्षात आम्ही तिच्याकडे एकाच पदार्थाच्या तीन खेपा पाठवल्या. सेवेचे नाव मी मुद्दाम देत नाही. आपल्याकडे हे काम करणाऱ्या जागा मोजक्याच आहेत, आणि पुढे ज्या तक्रारी मांडल्या आहेत त्यांतील काही आमच्या पदार्थाच्या स्वभावातून आणि आमच्याच अपुऱ्या सूचनांतून उद्भवलेल्या आहेत. औषधांचे रेणू वेगळे करून घेणाऱ्यांना या लेखाचा फारसा उपयोग होणार नाही. सेंद्रिय ट्रान्झिस्टर किंवा ओएलईडी (सेंद्रिय पदार्थांचे प्रकाश देणारे डायोड) यांसाठी कायरल रेणू बनवणाऱ्यांनी मात्र ऑर्डर देण्यापूर्वी तो वाचावा.

आमचा पदार्थ हेलिसीनच्या कुळातला आहे. बेंझिनची कडी एकमेकींना कोनात जोडत गेलो की चौथ्या-पाचव्या कडीपासून दोन टोके एकमेकांवर चढू लागतात आणि सपाट राहणे अशक्य झाल्यामुळे सगळा रेणू गोल जिन्यासारखा वळतो. हा जिना उजवीकडे वळतो किंवा डावीकडे. पहिल्या रूपाला पी आणि दुसऱ्याला एम असे म्हणतात. एकही असममित कार्बन अणू नसताना केवळ आकारामुळे आलेली ही कायरलता आहे. सहा कड्यांचे हेक्साहेलिसीन अमेरिकेतील न्यूमन आणि लेडनिसर यांनी १९५६ मध्ये बनवले आणि त्याची दोन रूपे वेगळीही केली. त्याचे विशिष्ट ध्रुवण-घूर्णन, म्हणजे ध्रुवित प्रकाशाचे प्रतल वळवण्याच्या ताकदीचे मोजमाप, क्लोरोफॉर्ममध्ये सुमारे ३६४० अंश भरते. आपल्या साखरेचा हाच आकडा ६६.५ आहे, एवढे सांगितले की या आकाराची ताकद लक्षात येते.

कड्या सहाच का, हा रचनेतला पहिला निर्णय असतो. पाच कड्यांचे हेलिसीन बनवायला सोपे, पण त्याच्या दोन रूपांमधला ऊर्जेचा अडसर मोलमागे साधारण २४ किलोकॅलरी इतकाच असल्याने वेगळे केलेले रूप खोलीच्या तापमानालाच हळूहळू पुन्हा मिश्रणाकडे वळते. सहाव्या कडीबरोबर हा अडसर ३६ किलोकॅलरीच्या आसपास जातो आणि बाटलीत ठेवलेला पदार्थ वर्षानुवर्षे आपली बाजू सोडत नाही. तरीही २२० अंश सेल्सिअसच्या आसपास साधारण पाव तासात त्याची कायरल शुद्धता अर्ध्यावर येते. हा आकडा पुढे महत्त्वाचा ठरणार आहे. आम्ही या सांगाड्याला दोन मिथॉक्सी गट जोडले, जेणेकरून धन भार, म्हणजे होल, त्यात सहज शिरावेत आणि पदार्थ द्रावकात थोडा अधिक विरघळावा.

आमची पद्धत जुनी आणि विश्वासाची आहे : विटिग अभिक्रियेने दुहेरी बंध असलेला पूर्वगामी रेणू बनवायचा, तो टोल्यूईनमध्ये अतिशय विरळ प्रमाणात विरघळवायचा, आयोडीन आणि प्रॉपिलीन ऑक्साइड घालायचे, आणि पाऱ्याच्या दिव्याखाली ठेवायचा. द्रावण दाट केले तर रेणू स्वतःत वळण्याऐवजी शेजाऱ्याशी जुळतात. पूर्वगामी रेणूच्या पहिल्या पायरीपासून मोजले तर २०० मिलिग्रॅम स्वच्छ पिवळा पदार्थ हाती यायला आम्हाला सहा आठवडे लागतात. दिव्याला उजवे-डावे कळत नाही, त्यामुळे हाती येते ते दोन्ही रूपांचे समसमान, म्हणजे रॅसेमिक मिश्रण. ही सेवा आवश्यक ठरते ती येथून पुढे.

रूपे वेगळी कशासाठी करायची, असा प्रश्न आमच्या परचेस विभागानेही विचारला होता, म्हणून थोडक्यात लिहितो. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधील फुक्टर आणि कॅम्पबेल यांच्या गटाने २०१३ मध्ये १-अझा हेक्साहेलिसीनचा (एका कार्बनच्या जागी नायट्रोजन असलेल्या हेक्साहेलिसीनचा) ट्रान्झिस्टर करून दाखवला, जो वर्तुळ-ध्रुवित, म्हणजे पुढे जाताना स्क्रूसारखा उजवा किंवा डावा वळत जाणाऱ्या, प्रकाशाची दिशा ओळखतो : एका रूपाचा ट्रान्झिस्टर उजव्या प्रकाशाला अधिक प्रतिसाद देतो, दुसऱ्या रूपाचा डाव्या. मोबाइलच्या ओएलईडी पडद्यावर बाहेरच्या उजेडाची चकाकी रोखणारी ध्रुवक फिल्म असते आणि ती पडद्याचा स्वतःचाही जवळपास निम्मा प्रकाश गिळते. पडदाच योग्य दिशेने वर्तुळ-ध्रुवित प्रकाश देऊ लागला तर हा तोटा वाचवता येईल, ही या क्षेत्रामागची दुसरी मोठी आशा आहे. मिश्रणातून ही दोन्ही कामे होत नाहीत, कारण उजव्याचा परिणाम डावा तंतोतंत पुसून टाकतो.

आता प्रत्यक्ष सेवेकडे येतो.

काम दोन टप्प्यांत चालते. पहिल्या टप्प्यात दहा मिलिग्रॅम नमुना मागवून तो वेगवेगळ्या कायरल कॉलमांवर आणि द्रावकांच्या वेगवेगळ्या जोड्यांमध्ये चालवून पाहतात. याला ते पद्धत-शोध म्हणतात आणि त्याचे शुल्क स्वतंत्र घेतात. हे कॉलम म्हणजे नळीत भरलेल्या सिलिकेच्या बारीक कणांवर बसवलेले सेल्युलोज किंवा अमायलोज यांचे कार्बामेट. जपानच्या ओकामोतो यांनी १९८० च्या दशकात विकसित केलेली ही सामग्री आज जगभर वापरली जाते. दुसऱ्या टप्प्यात, निवडलेल्या पद्धतीने मोठ्या कॉलमवर संपूर्ण माल वेगळा केला जातो.

पद्धत-शोधाच्या कामाला मी पूर्ण गुण देईन. हेलिसीनला हेक्झेन आणि आयसोप्रोपेनॉल यांचे नेहमीचे मिश्रण मानवत नाही, कारण पदार्थ त्यात नीट विरघळत नाही आणि इंजेक्शनच्या वेळीच स्फटिक बनून नळी चोंदण्याची भीती असते. डायक्लोरोमिथेनची थोडी भर घातली तर तो विरघळतो, पण ज्या कॉलमवर कार्बामेट नुसते लेपलेले असते तो अशा द्रावकाने कायमचा निकामी होतो. त्यासाठी कार्बामेट सिलिकेला रासायनिक बंधाने जखडलेला कॉलम लागतो. आम्ही न सांगता त्यांनी हे ओळखले, जखडलेला कॉलम घेतला, आणि चार दिवसांत आलेखाची जी प्रत पाठवली तिच्यावर दोन रूपांची दोन शिखरे अशी सुटी उभी होती की त्यांच्या मधली रेषा तळाला टेकली होती. ज्यांनी आमच्याप्रमाणे स्वतःच्या प्रयोगशाळेतील उसन्या कॉलमवर महिनाभर झगडून दोन खांद्यांचे एकच शिखर पाहिले आहे, त्यांना त्या आलेखाचे मोल वेगळे सांगायला नको.

पहिली खेप ठरल्या वेळी आली. दोन तपकिरी व्हायल, एकीवर ‘पीक १’, दुसरीवर ‘पीक २’, सोबत दोघींची कायरल शुद्धता ९९ टक्के ईईपेक्षा अधिक असल्याचे प्रमाणपत्र. ईई म्हणजे एका रूपाचा दुसऱ्यावरील आधिक्याचा आकडा. ९९ टक्के ईई असेल तर दर दोनशे रेणूंत एक रेणू चुकीच्या बाजूचा. आम्ही दोन्हींचे वर्तुळ-द्विवर्णता वर्णपट, म्हणजे रोजच्या भाषेत सीडी (उजवा आणि डावा वर्तुळ-ध्रुवित प्रकाश शोषण्यातल्या फरकाचा आलेख), काढून एकावर एक ठेवले. एक रेषा जिथे डोंगर चढते तिथे दुसरी तेवढीच दरी उतरते, आणि दोन्हींची बेरीज केली की सपाट शून्य उरते. विलगीकरण चोख असल्याचा याहून सुंदर पुरावा मला माहीत नाही.

दुसऱ्या खेपेत मात्र आमचे सहा आठवडे पाण्यात जाता जाता वाचले.

दुसऱ्या खेपेच्या व्हायलही तशाच, चिठ्ठ्याही तशाच, प्रमाणपत्रही तसेच. माल कमी पडत असल्याने दोन्ही खेपांचे ‘पीक १’ एकत्र करायचे ठरले होते आणि आमच्या विद्यार्थिनीने त्यासाठी फ्लास्क धुऊनही ठेवला होता. ओतण्यापूर्वी एकदा सीडी काढून पाहावा, हे तिलाच सुचले. थोड्या वेळाने ती दारात आली आणि म्हणाली, “सर, दोन्हींवर पीक १ लिहिलंय, पण रेषा उलट्या येताहेत.” पहिल्या खेपेतील ‘पीक १’ ला ३३० नॅनोमीटरच्या आसपास जिथे डोंगर होता, तिथे दुसऱ्या खेपेतील ‘पीक १’ ला दरी होती. दोन्ही एकत्र ओतले असते तर महागड्या सेवेचे पैसे मोजून आम्ही पुन्हा रॅसेमिक मिश्रणच मिळवले असते.

चौकशी केली तेव्हा कारण सरळ निघाले. दुसऱ्या वेळी त्यांनी आयसोप्रोपेनॉलऐवजी इथेनॉल वापरले होते, कारण त्यात शिखरे अधिक लवकर बाहेर येत होती आणि द्रावकाची बचत होत होती. कायरल कॉलमवर अल्कोहोल बदलले की कार्बामेटच्या साखळीतील खाचांचा आकार थोडा बदलतो आणि काही रेणूंच्या बाबतीत आधी कोण बाहेर येणार याचा क्रमच उलटतो. हे या विद्येत सर्वांना ठाऊक आहे. ‘पीक १’ याचा अर्थ त्यांच्या दृष्टीने ‘जे आधी बाहेर आले ते’ इतकाच होता, आणि शब्दशः तो खरा होता. द्रावक बदलल्याची नोंदही अहवालाच्या तिसऱ्या पानावर बारीक अक्षरांत होती. तरीही माझे म्हणणे असे की रेणूला स्वतःची ओळख असते आणि चिठ्ठीवर ती ओळख असली पाहिजे. बाहेर येण्याचा क्रम हा कॉलमचा गुण आहे, रेणूचा नव्हे. मूळ हेक्साहेलिसीनच्या पी रूपाचा सीडी ३२५ नॅनोमीटरच्या आसपास धन असतो, मिथॉक्सी गटांमुळे आमचा पट्टा किंचित लांब तरंगलांबीकडे सरकतो, एवढ्या माहितीवर कोणते रूप कोणते हे दहा मिनिटांत सांगता येते. त्यांच्याकडे सीडीचे यंत्र आहे. ते वापरत मात्र नव्हते, कारण औषध कंपन्यांकडे आधीच ओळख पटलेला संदर्भ-नमुना असतो आणि त्या तो सोबत पाठवतात. चूक पूर्णपणे त्यांची म्हणता येत नाही. आम्ही संदर्भ-नमुना पाठवला नव्हता.

दुसरा मुद्दा अधिक गंभीर आहे आणि तो प्रमाणपत्रावर दिसतच नाही. पहिल्या खेपेतील पदार्थाचे ट्रान्झिस्टर केले तेव्हा त्यांतून वाहणारा प्रवाह अपेक्षेपेक्षा खूपच कमी होता, आणि एकाच काचपट्टीवरील दोन ट्रान्झिस्टर एकमेकांशी जुळत नव्हते. पदार्थाचा एनएमआर (रेणूतील हायड्रोजन अणू कोणकोणते हे दाखवणारा वर्णपट) काढला तर सुगंधी प्रोटॉनांच्या स्वच्छ शिखरांच्या जोडीला ०.८८ आणि १.२६ या जागी दोन अनाहूत शिखरे उभी होती. रसायनशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ही जोडी तोंडपाठ असते : ते ग्रीस, म्हणजे लांब साखळीचे हायड्रोकार्बन. ईईच्या प्रमाणपत्राला ते कधीच दिसणार नव्हते, कारण कायरल एचपीएलसीचा, म्हणजे कॉलमवर रूपे वेगळी करणाऱ्या यंत्राचा, शोधक अतिनील प्रकाशावर चालतो आणि ग्रीस अतिनील प्रकाश शोषत नाही.

हे आले कोठून, याचा हिशेब मी कागदावर मांडला. एका इंजेक्शनला आठ मिलिग्रॅम या दराने २०० मिलिग्रॅमला २५ इंजेक्शने लागली. प्रत्येकातून दोन शिखरांचा मिळून साधारण १४० मिलिलिटर भाग गोळा झाला, म्हणजे एकूण साडेतीन लिटर द्रावक रोटाव्हॅपवर (कमी दाबाखाली द्रावक उडवणाऱ्या यंत्रावर) आटवले गेले. द्रावक एचपीएलसी दर्जाचे असले आणि त्यात लिटरमागे एकच मिलिग्रॅम न उडणारा अंश असला, तरी आटवल्यानंतर साडेतीन मिलिग्रॅम गाळ आपल्या २०० मिलिग्रॅममध्ये मिसळतो. हे पावणेदोन टक्के झाले. द्रावक साध्या दर्जाचे असेल तर विचारायलाच नको. शिवाय कॉलममधून सुटणारे कार्बामेटचे अंशही त्यात येऊ शकतात. औषधाच्या सुरुवातीच्या चाचणीत असा गाळ बहुधा कोणाच्या लक्षातही येणार नाही. ट्रान्झिस्टरमध्ये मात्र भार एका रेणूवरून दुसऱ्यावर उड्या मारत जातो. मध्ये परका कण आला की भार तेथे अडकतो किंवा वळसा घेतो, आणि हजारात एक कणही पुरेसा होतो.

एरवी इलेक्ट्रॉनिक्समधील माणूस अशा वेळी निर्वातात संप्लवन करून, म्हणजे घन पदार्थाची थेट वाफ करून, पदार्थ शुद्ध करतो. आमची अडचण अशी की आमच्या पदार्थाची वाफ होण्यासाठी जे तापमान लागते, त्याच तापमानाला हेलिसीनचा जिना आपली बाजू बदलू लागतो. पाव तासात शुद्धता अर्ध्यावर येण्याचा तो आकडा येथे आडवा येतो. रासायनिक शुद्धता मिळवायला जावे तर कायरल शुद्धता हातची जाते. शेवटी आम्ही पदार्थ सिलिकेच्या छोट्या थरातून गाळला आणि मग थंड पेंटेनने तीन वेळा धुतला. ग्रीस पेंटेनबरोबर गेले, कार्बामेट सिलिकेवर राहिले, आणि आमचा सुमारे आठवा हिस्सा माल वाटेत सांडला. त्यानंतरच्या ट्रान्झिस्टरांनी बऱ्यापैकी एकमेकांसारखे वागायला सुरुवात केली.

सेवेकडे हे मांडल्यावर त्यांच्या तंत्रप्रमुखांनी शांतपणे ऐकून घेतले आणि प्रामाणिकपणे सांगितले की त्यांचे बहुतेक ग्राहक औषधनिर्मितीतले आहेत आणि ‘तयार’ या शब्दाची त्यांची व्याख्या तिकडून आली आहे. पुढच्या वेळी कमी अवशेषाचे द्रावक वापरण्याची, आटवण्याच्या काचसामानाला ग्रीस न लावण्याची आणि पदार्थासोबत एनएमआर देण्याची तयारी त्यांनी दाखवली. त्यासाठी दर वाढतील हेही सांगितले. मला हा संवाद आवडला. उलट उत्तरे देणारे पुरवठादार आम्ही बरेच पाहिले आहेत.

तिसरी तक्रार लहान आहे. दोन शिखरांच्या मधला जो भाग थोडा सरमिसळ असतो, तो त्यांनी दोन्ही वेळा टाकून दिला. औषधवाल्यांना दोनपैकी एकच रूप हवे असते, दुसरे आणि मधले त्यांच्या लेखी कचराच. आम्हाला मात्र दोन्ही रूपे हवी असतात, आणि मधला भाग पुन्हा कॉलमवर चढवता येतो. मिश्रणालाही या क्षेत्रात किंमत आहे : इम्पीरियलच्याच गटाने २०१७ मध्ये दाखवले की १-अझा हेक्साहेलिसीनच्या ट्रान्झिस्टरमध्ये होलची गतिशीलता, म्हणजे ते किती सहज वाहतात ते, एकच रूप वापरले की रॅसेमिक मिश्रण यावर अवलंबून, ८० पटींपर्यंत बदलू शकते, आणि वरचढ ठरते ते मिश्रण, कारण उजवे-डावे रेणू एकत्र आले की स्फटिकात त्यांची मांडणी वेगळी होते. म्हणून तुलनेसाठी आपल्या मूळ मिश्रणाचा एक वाटा पाठवण्यापूर्वीच बाजूला काढून ठेवावा, एवढे नवख्यांना सांगतो. आम्ही पहिल्या वेळी तेही केले नव्हते.

दर कमी नाहीत. पद्धत-शोधाचे शुल्क एकदाच द्यावे लागते, पण विलगीकरण मालाच्या वजनापेक्षा यंत्राच्या तासांवर आकारले जाते, त्यामुळे कमी विरघळणारा पदार्थ महाग पडतो, आणि वर अठरा टक्के जीएसटी. सरकारी संस्थेतून काम करणाऱ्यांनी तीन कोटेशनांचा सोपस्कार आधीच उरकावा, कारण कोटेशनची मुदत तीस दिवसांची असते आणि फाइल त्याहून सावकाश चालते.

सेवेशिवाय काम होणारच नाही असे नाही. रचना करतानाच कायरलता विकत घेता येते : बिनॉल या दोन नॅफ्थॉलच्या जोडरेणूची दोन्ही रूपे शुद्ध स्वरूपात बाजारात मिळतात, आणि प्रकाश देणारा भाग त्यांना जोडला की विलगीकरणाची गरजच उरत नाही. फ्रान्समधील एका गटाने २०१६ मध्ये याच वाटेने ओएलईडीसाठीचे वर्तुळ-ध्रुवित प्रकाश देणारे रेणू बनवले. प्रकाश हा हेतू असेल तर मी आज तीच वाट आधी पाहीन. मात्र भार वाहून नेणारा सलग, वळलेला कार्बनचा सांगाडा हवा असेल तर हेलिसीनला पर्याय शोधणे कठीण आहे, आणि त्याचे शुद्ध रूप थेट संश्लेषणाने मिळवणे हे ज्या गटांनी त्यासाठी वर्षे घातली आहेत त्यांनाच साधते.

तिसऱ्या खेपेबरोबर आम्ही एका पानाचे सूचनापत्रक पाठवले : द्रावकाची जोडी बदलायची असल्यास आधी विचारणे, अमाइनची भर न घालणे, बाष्पपात्राचे तापमान ४० अंशांखाली ठेवणे, नमुना उजेडापासून दूर ठेवणे, मधला भाग परत करणे, आणि प्रत्येक व्हायलवर सीडीचे चिन्ह लिहिणे. माल आठ दिवस उशिरा आला. एनएमआरमध्ये १.२६ चे शिखर अजून होते, पण आता ते शोधावे लागत होते. व्हायली दोनाऐवजी तीन होत्या, आणि छापील ‘पीक १’ च्या खाली कोणीतरी निळ्या पेनाने लिहिले होते : ‘३३० ला धन, पी’.